मासे बघायला गेलो आणि रस्ते बघत हिंडलो

शुक्रवार : लॅगुनिटास

ख्रिसमसच्या सुट्टीत सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातली निम्मी मराठी जनता टाहोला बर्फ बघायला जाते आणि उरलेली व्हेगासला. आम्ही यंदा सॅमन बघायला गेलो. याचं सगळं श्रेय अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना. सहा महिन्यांसाठी आलेत, माण तालुक्यातले, रिटायर्ड कृषी सहाय्यक, आख्खी नोकरी नालाबंडिंग, समतल चर आणि गावकीची भांडणं सोडवण्यात गेली. कॉस्कोतला सॅमन मी आगळ-हळद लावून रव्यात घोळवून तळते, तो खाता खाता एकदा त्यांनी विचारलं, "हितल्या नदीचा का गं ह्यो?" म्हणलं नाही, हा नॉर्वेचा, पाळलेला. "मग हितल्या नदीचं मासं कुठं गेलं?" आता झालं. 2023 पासून सलग तीन वर्षं कॅलिफोर्नियात समुद्रातली व्यावसायिक सॅमन मासेमारी बंद ठेवावी लागली, समुद्रातून नदीत अंडी घालायला परत येणारे मासेच तेवढे उरले नाहीत, हे सांगितलं तर पुढचा प्रश्न तयारच, "आन त्येच्यावर कोन काम करतंय का न्हाई?" म्हणलं चला, बघूनच येऊ. नवऱ्याला लाँग ड्राइव्ह पाहिजेच होती, चिरंजीवांना शाळेसाठी व्हॉलंटियरिंगचे तास पाहिजे होते, सगळ्यांचं जमलं.

पहिला स्टॉप घरापासून दीड तासावर, मरीन काउंटीतली लॅगुनिटास क्रीक. माउंट टॅमच्या उत्तर उतारावरून निघते आणि टोमालेस बेमध्ये जाऊन मिळते, बऱ्याच ठिकाणी आपल्या ओढ्याएवढीच रुंद. पण मध्य कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर जे कोहो जातीचे रानटी सॅमन शिल्लक आहेत त्यातले सगळ्यात जास्त इथेच येतात. ही कोहोंची जमात 2005 पासून सरकारी यादीत 'एन्डेंजर्ड' आहे. आणि गंमत बघा, कॅलिफोर्नियात गळाला लागलेला सगळ्यात मोठा कोहो, 22 पाउंडांचा, याच ओढ्यातला, 1959 चा. तो रेकॉर्ड अजून मोडलेला नाही आणि मोडायची सोय पण नाही, कारण राज्यात कोहो पकडायलाच बंदी आहे.

शाफ्टर ब्रिजपाशी मासे बघायची जागा केलेली आहे. वर थोड्याच अंतरावर पीटर्स डॅम, 1954 चं धरण, मरीनच्या लोकांच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेलं. म्हणजे मासा समुद्रातून एवढं अंतर कापून येतो आणि इथे त्याचा रस्ता संपतो. दोन दिवस आधी चांगला पाऊस झालेला आणि पाणी निवळत आलेलं, म्हणजे बघायला एकदम योग्य दिवस असं तिथल्या व्हॉलंटियर बाईंनी सांगितलं आणि आम्हाला एक-एक पोलराइज्ड गॉगल दिला. तो लावल्याशिवाय नुसती पाण्याची चकाकी दिसते, गॉगल लावला की तळ दिसतो.

आणि मग ती दिसली. मादी, हातभर लांब, काठापासून फार तर पंधरा फुटांवर. आडवी व्हायची, एका कुशीवर, आणि शेपटी फाडफाड तळावर मारायची, खडे उडायचे, गाळाचा तपकिरी ढग प्रवाहाबरोबर खाली जायचा, मग सरळ व्हायची, गोल फिरून परत तिथेच. तिच्या शेपटीची कड झिजून पांढरी पडली होती, चिंध्या झालेल्या. खणलेला तेवढाच तुकडा बाकी तळापेक्षा उजळ, चिंचेने घासलेल्या तांब्याच्या भांड्यासारखा. मागे दोन नर, अंगावर लाल पट्टा, जबडा आकडा होऊन वाकलेला, एकमेकांना चावे घेत होते. ती साधारण अडीच हजार अंडी त्या खड्यांमध्ये घालते, वरून परत खडे लोटते आणि काही दिवसांत मरते. नर पण मरतात. पिल्लं खड्यांच्या फटींतून बाहेर येतात, वर्षभर ओढ्यातच राहतात, मग समुद्रात जातात आणि जन्मल्यापासून तिसऱ्या वर्षी याच ओढ्यात परत.

मला लगेच वलगण आठवली. माझं माहेर रोह्याकडचं, पहिल्या पावसाला शेताच्या बांधावरून उलट्या दिशेने चढणारे मासे आम्ही टोपलीने पकडायचो, आणि पकडले तेच अंड्यांनी भरलेले, आत्ता विचार केला तर अंगावर काटा येतो, पण चव विसरणार नाही. अण्णांना वलगण माहीत नाही, माणमध्ये ओढ्याला पाणी येतं हीच मोठी बातमी.

अण्णांचं लक्ष माशापेक्षा दुसरीकडेच. ओढ्यात हे एवढाले ओंडके पडलेले, मुळांसकट. "ही घाण काढत न्हाईत व्हय कोन?" मी विचारलं तर बाई हसायलाच लागल्या. म्हणाल्या, काढत होतो ना. 50 पासून 80 च्या दशकापर्यंत कॅलिफोर्नियात सरकारी खर्चाने ओढे साफ केले, लाकडांमुळे माशांची वाट अडते अशी समजूत होती. मग कळलं की त्या ओंडक्यामागे पाणी वळून खोल डोह तयार होतो, उन्हाळ्यात थंड राहतो, पुरात पिल्लं तिथे आडोशाला थांबतात. आता पैसे खर्च करून, इंजिनियर लावून, तेच ओंडके परत आणून ठेवतात. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, आमच्याकडं पोकलेन लावून वढं सरळ केलं, खोल केलं, फोटो काढलं, बक्षिसं वाटली. ह्यांस्नी कळाय चाळीस वर्सं लागली, आपल्याला अजून लागायची हायती.

दुपारी ओलेमाला 'स्पॉन' नावाच्या संस्थेच्या नर्सरीत काम. नाव इंग्लिश अद्याक्षरांचं आहे, सॅमन आणि पाणलोट वाचवणारं नेटवर्क असा त्याचा अर्थ. यांनी शेजारच्या सॅन जेरोनिमो खोऱ्यात बरंच काम केलंय. तिथे गोल्फ कोर्सच्या जागेत शंभरेक वर्षांपूर्वीचा एक बंधारा होता, मासे चढायला तिथे अडायचे, 2020 मध्ये तो काढून ओढा परत पायरी-पायरीने उतरता केला. लॅगुनिटासच्या काठचं जुनं बांधकाम आणि भराव उपसून पुराला पसरायला जागा करून दिली. आम्हाला काम मिळालं विलो नावाच्या झाडाच्या फांद्या ओल्या मातीत रोवायचं, शेवग्याची फांदी रोवतो तसंच, हातभर खड्डा करायचा, खोचायची, पायाने दाबायची. अण्णांनी चिरंजीवांच्या तिप्पट स्पीडने लावल्या आणि वर त्याची एक ओळ परत उपटून सरळ करून लावली. तर तिथल्या पोरीने नम्रपणे सांगितलं की सरळ ओळ नकोच आहे, वेड्यावाकड्याच लावा. अण्णांना हे काही पटलं नाही.

या कामात सगळ्यात अवघड भाग झाडं लावणं नाही, हे तिच्याशी बोलताना कळलं. ओढ्याच्या काठाला लोकांची घरं आहेत. कोणाला डेक पाहिजे, कोणाला लॉन, कोणाला पुराची भीती म्हणून काठावर भिंत. काठापासून किती अंतरात बांधकाम करायचं नाही यावरून काउंटीत वर्षानुवर्षं मीटिंगा आणि कोर्टकेसेस चालल्या. मासा बघायला सगळे येतात, स्वतःच्या परसातले पंधरा फूट सोडायचे म्हटलं की विषय बदलतो. अण्णा म्हणाले, "बांधावरनं खून पडत्यात आमच्याकडं, हे तर नुसतं कोर्टात गेल्यात."

संध्याकाळी 101 हायवे पकडला. वाटेत हील्ड्सबर्ग लागतं, तिथली ड्राय क्रीक बघायची होती, रशियन रिव्हरला मिळणारी. या नदीत कोहो जवळपास संपलेच होते, म्हणून 2001 पासून तिथल्या हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, उरलेल्या माशांपासून पिल्लं वाढवून सोडतायत आणि द्राक्षबागायतदारांनी आपल्या जमिनीत ओढ्याला बाजूचे प्रवाह काढायला परवानगी दिलीय. पण अंधार झाला, पाऊस सुरू झाला, नवरा म्हणाला गाडी थांबवणार नाही. युकायाला मोटेल, मॅगी आणि झोप.

शनिवार : रेडवुड आणि घाट

सकाळी उत्तरेकडे. गार्बरव्हिलच्या पुढे हायवे सोडून अॅव्हेन्यू ऑफ द जायंट्सला लागलो, रेडवुडच्या झाडांमधला जुना रस्ता. तिथे वीऑट नावाचं गाव आहे, तिथे रस्त्याच्या कडेला एक उंच खांब आहे आणि त्याच्यावर वर, पार वर, 1964 च्या ख्रिसमसच्या पुराची पातळी दाखवलेली. मान मोडेस्तोवर वर बघायचं आणि विचार करायचा की आपण आत्ता जिथे उभे आहोत ती नदी होती. अख्खं गाव वाहून गेलं आणि मग वरच्या अंगाला परत वसलं.

जवळच बुल क्रीक. खालचं जंगल लोकांनी देणग्या गोळा करून वाचवलं होतं, रॉकफेलर फॉरेस्ट, जगातल्या सगळ्यात उंच झाडांपैकी काही इथे आहेत. पण वरचे डोंगर खाजगी होते. ते दुसऱ्या महायुद्धानंतर बोडके केले, आणि 1955 च्या पुरात वरचा सगळा दगडगोटा खाली आला, ओढ्याचं पात्र भरून फुगलं आणि काठावरचे शेकडो जुने रेडवुड कोसळले. म्हणजे वाचवलेलं जंगल वरच्या न वाचवलेल्या डोंगराने पाडलं. अण्णांना हे कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती. "माथा सोडून पायथ्याला काम केल्यावर दुसरं काय हुनार?" पाणलोटाचं ट्रेनिंग घेतलेला माणूस, माथा ते पायथा हे त्यांच्या रक्तात.

मग मॅटोल रोड. घाट म्हणजे घाट. आपला वरंधा बरा म्हणायची वेळ. खड्डे, धुकं, एका बाजूला दरी, फोनला रेंज शून्य, चिरंजीव मागे प्लास्टिकची पिशवी तोंडाशी धरून. पँथर गॅप ओलांडून खाली हनीड्यू. नाव गोड आहे, गावात एक दुकान आहे. बाजूला किंग रेंजचे डोंगर थेट समुद्रातून उठलेले, ढग तिथेच आपटतात, त्यामुळे इथे वर्षाला साधारण 2500 मिलिमीटर पाऊस पडतो, आमच्या कोकणाच्या पंक्तीला बसेल इतका. आणि तो दिवसभर पडतच होता. अंधार पडायच्या आत पेट्रोलियाला पोचलो. कॅलिफोर्नियातलं सुरुवातीचं तेल इथे 1865 मध्ये निघालं म्हणून हे नाव. तेल फार निघालं नाही, नाव राहिलं. केबिनमध्ये लाकडाची शेगडी होती, तिच्यावर खिचडी केली, सोबत मेतकूट, बाहेर धो धो पाऊस. या ट्रिपमधलं बेस्ट जेवण.

रविवार : मॅटोल

मॅटोल ही मला माहीत असलेली सगळ्यात हट्टी नदी. उगम समुद्रापासून अगदी काही मैलांवर, पण मध्ये डोंगर, म्हणून बिचारी उत्तरेकडे शंभरेक किलोमीटर वळसे घेत जाते आणि मग समुद्राला मिळते. खोऱ्यात ना शहर, ना मोठं धरण. सॅमनसाठी याहून चांगलं काय पाहिजे? तरी 70 च्या दशकाच्या शेवटी इथले किंग सॅमन, म्हणजे चिनूक, फारच कमी झाले आणि कोहो त्याहून वाईट.

आम्हाला फिरवायला एक आजोबा आले, सत्तरी पार केलेले, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, जुनी ट्रक. 70 च्या दशकात शहर सोडून जमिनी घेऊन इथे राहायला आलेल्या हिप्पी पिढीतले. अण्णा आणि ते दोघं पुढे बसले, मागे चिरंजीव दुभाषी. त्याचं मराठी कामचलाऊ, अण्णांचं माणदेशी, आजोबांचं इंग्लिश चघळलेलं, त्यामुळे काय काय कुठे पोचलं देव जाणे. पण एका तासात दोघं एकमेकांना हातवारे करून रस्त्याखालच्या मोरीच्या पाइपचा व्यास सांगत होते.

गोष्ट अशी. 1980 मध्ये इथल्या काही लोकांनी मॅटोल सॅमन ग्रुप काढला. त्यात फ्रीमन हाउस नावाचे एक, आधी मासेमारीच्या बोटीवर काम केलेले, आणि डेव्हिड सिम्प्सन. सरकारी हॅचरीतली परकी पिल्लं आणून नदीत सोडायला यांचा नकार. या नदीचा मासा हजारो वर्षांत या नदीला जुळलेला आहे, तोच वाढवायचा. मग परवानगीसाठी सरकारी खात्याशी लांबलचक झटापट, कारण साध्या लोकांच्या हातात रानटी मासे द्यायचे म्हणजे काय? शेवटी परवानगी मिळाली. हिवाळ्याच्या रात्री पुरात उतरायचं, वर चढणारी मादी सापळ्यात धरायची, अंडी काढायची, नराचं वीर्य मिसळायचं आणि ओढ्याकाठी खडीने भरलेल्या पेटीत ती अंडी ठेवून त्यातून स्वच्छ, गाळलेलं पाणी सोडायचं. पिल्लं बाहेर आली की सोडायला शाळेतली पोरं. सिम्प्सन आणि त्यांच्या बायकोने तर सॅमनवर एक विनोदी संगीत नाटक बसवून गावोगाव प्रयोग केले. नाटकाचं ऐकून मी एकदम ताजी झाले, म्हणलं ही आपली माणसं.

पण आजोबा म्हणाले की पेट्या हा काही उपाय नव्हता, तो वेळ काढणं होतं. कारण पेटीची गरज का पडली? ओढ्यातली खडी गाळाने बुजली म्हणून. अंड्याला खड्यांच्या फटीतून वाहतं पाणी लागतं, गाळ बसला की अंडं गुदमरतं. मग गाळ कुठून येतो ते शोधायला लागले आणि डोंगर चढत चढत वर गेले. युद्धानंतर इथलं डग्लस फरचं जंगल तोडलं. 1983 मध्ये मॅटोल रिस्टोरेशन काउन्सिल निघाली, तिने 1988 मध्ये खोऱ्याचा नकाशा काढला, तर मूळच्या जुन्या जंगलातलं 90 टक्क्यांहून जास्त गेलेलं. तो नकाशा खोऱ्यात घरोघरी पोस्टाने पाठवला. आणि झाडं न्यायला बुलडोझरने जे कच्चे रस्ते काढले ते तसेच टाकून दिलेले, डोंगरभर.

हेच रस्ते बघायला आम्ही निघालो होतो. ट्रक जिथे थांबली तिथून पाऊण तास चालत, पावसात. आजोबांनी एक टाकून दिलेला रस्ता दाखवला, अजून दुरुस्त न केलेला. डोंगराच्या पोटात कापलेला, ओढा ओलांडायला खाली पाइप घालून वर मातीचा भराव. पाइपच्या तोंडाशी फांद्या अडकलेल्या, पाणी तुंबून वर चढलेलं आणि रस्त्याच्या चाकोरीतून वाहायला लागलेलं, लालसर गढूळ, चाकोरी माझ्या घोट्याएवढी खोल कापत. थोडं पुढे जाऊन ते पाणी कडेवरून खाली उडी मारत होतं आणि तिथे डोंगराची अख्खी फाक निसटलेली. खाली बघितलं तर फाकेचा पायथा थेट ओढ्यात. एक तुंबलेला पाइप आणि डंपरचे डंपर माती. अशा किती मोऱ्या असतील खोऱ्यात.

मग दुरुस्त केलेला रस्ता. म्हणजे रस्ताच नव्हता. पाइप उपसून काढलेला, भराव उचलून ओढ्याला मूळचा उतार परत दिलेला, रस्त्याची पातळी मोडून डोंगराच्या उतारात मिसळवलेली, वर पेंढा पसरून रोपं लावलेली. जे रस्ते वापरात आहेत त्यांना मोठे पाइप आणि मध्ये मध्ये उतरते खोलगट पट्टे, पाणी रस्त्यावरून पळत न जाता थोडं थोडं जंगलात उतरावं म्हणून. अण्णा उकिडवे बसले, हातात माती घेतली, चोळून बघितली. मग उभे राहून चिरंजीवांना म्हणाले, ह्यास्नी सांग, धावणाऱ्या पाण्याला चालायला लावा, चालणाऱ्याला थांबायला लावा, थांबलेल्याला जिरवा. पोराने कसंबसं भाषांतर केलं. आजोबांनी ते दोनदा म्हणायला लावलं आणि खिशातल्या भिजलेल्या वहीत लिहून घेतलं.

सगळं काही गुण्यागोविंदाने झालेलं नाही. गुरंवाले जुने शेतकरी, लाकूडवाले आणि हे लांब केसांचे नवे लोक, तिघांचं एकमेकांशी पटायचं नाही. एकाला वाटायचं हे मासा पुढे करून आमची जमीन सरकारच्या घशात घालणार. आजोबा म्हणाले, मीटिंगमध्ये सॅमनचं नाव काढलं की लोक उठून जायचे, रस्ता वाहून जातोय का तुमचा असं विचारलं की बसायचे. रस्ता प्रत्येकाचाच वाहून जात होता. पुढे काउन्सिलने जो कार्यक्रम केला त्याच्या नावात चांगले रस्ते आधी आणि स्वच्छ ओढे नंतर आहेत. हुशार माणसं.

दुसरा प्रश्न उन्हाळ्याचा. इथे मे ते ऑक्टोबर जवळपास पाऊस नाही. वरच्या अंगाला व्हाइटथॉर्नकडे प्रत्येक घर ओढ्यातून पंप लावून पाणी घ्यायचं, त्यात गांजाची शेती वाढली, आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ओढा तुटून नुसती डबकी उरायची, त्यात कोहोची पिल्लं अडकून मरायची. सँक्चुअरी फॉरेस्ट नावाच्या तिथल्या संस्थेने उपाय काढला तो मला फार आवडला. ग्रँट मिळवून घरोघरी मोठ्या टाक्या बसवून दिल्या, पन्नास हजार गॅलनच्या, म्हणजे जवळपास 1.9 लाख लिटर. हिवाळ्यात नदी फुगलेली असताना टाकी भरून घ्यायची आणि बदल्यात लेखी करार, कोरड्या महिन्यांत पंप बंद. करार जमिनीला लागू, घर विकलं तरी नव्या मालकाला पाळावा लागतो. अण्णांचे डोळे चमकले. "पंप बंद? लेखी? आन पाळत्यात?" आजोबा म्हणाले, पाळतात, कारण ओढा चालू राहिला की सगळ्यांना दिसतो आणि आटला की कोणाचा पंप चालू आहे ते पण सगळ्यांना माहीत असतं.

दुपारी नदीच्या मुखापाशी. उन्हाळ्यात इथे वाळूचा बांध पडून तोंड बंद होतं आणि चिनूकची पिल्लं आत कोमट, उथळ पाण्यात अडकतात. खोल थंड डोह पाहिजेत म्हणून काही वर्षांपूर्वी इथे चक्क हेलिकॉप्टरने मुळांसकट झाडं आणून ठेवली. आज तोंड सताड उघडं होतं, चहाच्या रंगाचं पाणी समुद्रात घुसत होतं आणि वारा असा की छत्री उलटी. मासा एकही दिसला नाही. आजोबा म्हणाले, आज ते जोरात वर चढत असणार, याच पाण्याची वाट बघत समुद्रात थांबलेले असतात, पण दिसायचे नाहीत. पाणी निवळलं की दोघा-दोघांच्या टीम ओढ्यातून चालत जातात आणि जिवंत मासे, मेलेले मासे आणि अंडी घातलेली घरटी मोजतात. आकडे काही वर्षी चांगले, काही वर्षी रडायला लावणारे. कोहो अजून संकटातच आहेत. 1980 पासून एवढं करून एवढंच? असं चिरंजीवांनी विचारलंच, वयच तसं आहे. आजोबांनी खांदे उडवले, म्हणाले, समुद्रात काय होतं ते माझ्या हातात नाही, डोंगरावरचे पाइप माझ्या हातात आहेत.

सोमवार : क्लॅमथ

सकाळी ऊन! समुद्राच्या कडेने केप मेंडोसिनोवरून फर्नडेल. तिथे रंगीत व्हिक्टोरियन घरं आणि गरम दालचिनी रोल, एवढंच सांगते. युरेका, आर्केटा मागे टाकून ऑरिक. तिथे हायवेलगत लाकडाची मोठी गिरणी होती, एकरच्या एकर डांबर घातलेलं. ते उखडून प्रेअरी क्रीकला परत वळणं दिलीत, काम युरोक या इथल्या मूळ आदिवासी जमातीच्या लोकांनी केलंय. या जागेचं युरोक नाव 'ओ रेव, 125 एकर. रस्त्यावरूनच बघितलं, समोर एल्क हरणांचा कळप चरत होता त्यामुळे चिरंजीवांना ओढ्यात काडीचा इंटरेस्ट नव्हता.

क्लॅमथला पुलावर दोन्ही टोकांना सोनेरी अस्वलांचे पुतळे. जुना पूल 1964 च्या त्याच पुरात गेला. रेक्वाला टेकडीवरून नदीचं मुख बघत बसलो. ही क्लॅमथ नदी युरोक लोकांची, ती कॅलिफोर्नियातली सगळ्यात मोठी जमात. सप्टेंबर 2002 मध्ये या खालच्या भागात किमान 34,000 सॅमन मेले, उन्हाळ्यात नदीत पाणी कमी, त्यात ते गरम, त्यात रोग. मेलेल्या माशांचा खच काठावर. त्या वर्षी जी पोरं शाळेत होती तीच मोठी होऊन वकील, मत्स्यशास्त्रज्ञ आणि आंदोलक झाली. वर, इथून जवळपास 300 किलोमीटरवर, वीजनिर्मितीची चार धरणं होती, सगळ्यात जुनं 1918 चं. युरोक, कारुक, हूपा, क्लॅमथ जमातींची माणसं 2004 मध्ये थेट स्कॉटलंडला गेली कारण तेव्हा वीज कंपनीची मालकी तिथल्या कंपनीकडे होती, भागधारकांच्या सभेबाहेर उभी राहिली. मालक बदलला तर नव्या मालकाच्या दारात, नेब्रास्काला. वीस वर्षं. 2024 च्या ऑक्टोबरपर्यंत चारही धरणं पाडून झाली, आणि त्याच महिन्याच्या 16 तारखेला वर ओरेगॉनमध्ये, शंभराहून जास्त वर्षांनी, चिनूक सापडला. कोणी आणून सोडलेला नाही, आपला आपण पोचलेला. धरणांमागच्या तळ्यांचा उघडा पडलेला तळ झाकायला जमातीतल्या लोकांनी आधी अनेक वर्षं डोंगरात फिरून गवताचं, फुलांचं बी गोळा करून ठेवलं होतं.

मला वाटलं अण्णा खूश होतील. तर ते गंभीर. 72 च्या दुष्काळात सतराव्या वर्षी पाझर तलावावर खडी फोडलेला माणूस, धरण पाडलं ही बातमी त्यांच्या कानाला आनंदाची वाटेना. "शेतीचं पानी तुटलं आसंल की." नवऱ्याने सांगितलं, या चार धरणांतून शेतीला पाणी जातच नव्हतं, फक्त वीज, आणि ती पण कंपनीच्या एकूण विजेच्या दोन टक्क्यांहून कमी. "मग लोकांचं काय म्हननं?" तळ्याकाठी ज्यांची घरं होती ते अजून चिडलेले आहेत, साहजिक आहे. अण्णांनी बराच विचार केला. "शेतीला देत नव्हतं तर ठीक हाय. पर हे आमच्याकडं बोलू नका. उरमोडी धरनाचं पानी माणात यायला माझी नोकरी सरली, तिथं कोन धरन पाडा म्हनला तर लोक त्येलाच पाडतील." मला वाटतं हे अगदी बरोबर आहे. प्रत्येक धरण पाडायचं नसतं आणि प्रत्येक ओढा अडवायचा नसतो, पण आपल्याकडे हा हिशोब धरणानुसार, ओढ्यानुसार मांडायला कोणी बसतच नाही, एकदम बाजू घेऊन मोकळे.

संध्याकाळी गावातल्या दुकानात स्मोक्ड सॅमन मिळाला, कुठल्या नदीचा ते अण्णांनी आधी विचारून घेतलं. अलास्काचा. मग घेतला.

मंगळवार : परत

सहा-सात तासांचं ड्रायव्हिंग, युरेकात पेट्रोल, सांता रोझाला ट्रॅफिक, बाकी सांगण्यासारखं काही नाही. रेंज आल्या आल्या अण्णांनी गावाकडे फोन लावला, तिकडे सकाळ झालेली, पलीकडे त्यांचे चुलतभाऊ, माजी सरपंच. स्पीकरवर. अण्णांनी धरणाचं नाव काढलं नाही. टाक्यांची योजना मात्र पूर्ण सांगितली, पावसाळ्यात भरून घ्यायचं, उन्हाळ्यात बोअर बंद, लेखी, स्टँपवर, वारसाला लागू.

पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग, "दादा, ते समदं बेस हाय. पर टाकी कोन देनार?"

"संस्था देती."

"मग पयली माज्या दारात बसवा. बोअरचं नंतर बघू."

अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले, त्या आजोबांचा फोन नंबर घेतलास का गं, ह्या मानसाला करारावर सही कशी करायला लावायची तेवढं विचारायचं राहिलं.